पहिला तास तालुक्यातच जातो

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : कोरोनरी धमन्यांचा विकार, त्यावरचे उपचार आणि तालुका पातळीवरची तयारी.

महोदय,

हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या कप्प्यांत सतत रक्त खेळत असते, तरी हृदयाच्या जाड स्नायूला त्या रक्ताचा थेट उपयोग फारसा होत नाही. स्नायूला लागणारे रक्त कोरोनरी धमन्यांतून येते. महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथेच, अगदी मुळापाशी, या दोन धमन्या फुटतात, एक उजवी आणि एक डावी. डावी थोडे अंतर जाऊन दुभंगते. तिची एक शाखा हृदयाच्या पुढच्या अंगावरून खाली उतरते, दुसरी मागे वळसा घेते. सुरुवातीला या धमन्यांचा व्यास ३ ते ४ मिलिमीटर असतो, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलीएवढा. पुढून उतरणारी शाखा डाव्या कप्प्याच्या सर्वांत मोठ्या भागाला पोसते, म्हणून तिच्या तोंडाशी अडथळा आला तर नुकसानही सर्वांत मोठे होते.

शरीराचे बहुतेक अवयव आलेल्या रक्तातला थोडाच प्राणवायू उचलतात आणि गरज वाढली की जास्त उचलतात. हृदयाच्या स्नायूला ती मुभा नाही. विश्रांतीतसुद्धा तो आलेल्या प्राणवायूपैकी सुमारे ७० टक्के काढून घेतो. चढ चढताना, डोक्यावर भारा घेऊन चालताना, संताप आल्यावर त्याची गरज वाढते, तेव्हा ती भागवायला एकच वाट उरते, ती म्हणजे जास्त रक्त. निरोगी धमनी अशा वेळी रुंदावते आणि प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. आजारी धमनीला ते जमत नाही. तिचा व्यास ७० टक्क्यांच्या आसपास घटला की श्रमाच्या वेळी स्नायू उपाशी पडतो आणि छाती भरून येते.

नळाच्या पाइपात क्षार साचून तो बुजतो, तशी धमनी बुजते, असे सांगण्याची पद्धत आहे. ही उपमा सोपी आहे, पण दिशाभूल करणारी. मेद साचतो तो धमनीच्या भिंतीच्या आत, अस्तराखाली. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, रक्तातली जादा साखर यांनी अस्तर दुखावले की एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्याखाली शिरतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षे हेच चालले की भिंतीत एक फुगवटा तयार होतो. त्याला प्लाक म्हणतात. अशी धमनी आडवी कापून पाहिली तर रक्ताची वाट मधोमध राहिलेली नसते. ती एका बाजूला चंद्रकोरीसारखी दबून गेलेली दिसते. उरलेल्या जागेत पिवळसर, लोण्यासारखा मऊ गाभा असतो आणि गाभा आणि रक्त यांच्यामध्ये तंतूंचा एक पांढरट पापुद्रा. घातक प्लाकवर हा पापुद्रा ०.०६५ मिलिमीटरपेक्षाही पातळ होतो, डोक्याच्या केसाइतका बारीक.

पापुद्रा फाटला की गाभ्यातला मेद रक्ताला भिडतो, रक्त त्याला जखम समजते आणि काही मिनिटांत तिथे गुठळी धरते. वाट पूर्ण बंद झाली, तर पुढचा स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. फाटणारा प्लाक दरवेळी सर्वांत मोठा असतो असे नाही. रक्ताची वाट निम्मीसुद्धा न अडवणारा, श्रमाच्या वेळी कसलाही त्रास न देणारा प्लाक अचानक फाटू शकतो. ‘गेल्या महिन्यात सगळे रिपोर्ट नॉर्मल होते’ हे वाक्य शोकसभेत वारंवार ऐकू येते. त्यात बहुतेक वेळा डॉक्टरची चूक नसते. पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी अरुंद वाट शोधते, पातळ पापुद्रा तिला दिसत नाही.

हा विकार म्हातारपणी सुरू होत नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये उघडून पाहिल्याचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय २२ होते आणि दर चौघांपैकी तिघांच्या कोरोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. म्हणजे पन्नाशीत येणाऱ्या झटक्याची तयारी विशीत सुरू झालेली असते. भारतीय उपखंडात ती आणखी घाईने होते. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे सरासरी वय ५३ निघाले, इतर देशांतल्या रुग्णांचे जवळपास ५९. ही सहा वर्षे कर्त्या माणसाची असतात. कर्ज फिटायचे असते, मुलीचे शिक्षण चालू असते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासाने दाखवले की जगभरातल्या पहिल्या झटक्यांचा ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सामावतो. धूम्रपान, बिघडलेले कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्याचे प्रमाण. वारसा आहेच, पण वारशाच्या नावावर सगळे ढकलता येत नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने या यादीत तंबाखूकडे वेगळे पाहायला हवे, कारण इथे ती ओढण्यापेक्षा जास्त तोंडात धरली जाते. तळहातावर चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आणि बायकांची मिश्री यांना लोक कर्करोगाशी जोडतात, हृदयाशी नाही. इंटरहार्टच्या आकड्यांत तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक होता. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. मिश्रीच्या डबीपर्यंत मात्र कुठलीच मोहीम नीट पोहोचलेली नाही, आणि ती डबी ज्या घरात आहे तिथे सुनेच्या हातातही येते.

आजाराची पहिली हाक बहुधा श्रमाच्या वेळी येते. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ साली तिचे वर्णन केले, आणि त्यात आजही फारशी भर घालावी लागत नाही: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबले की थांबते. मराठी माणूस तिचे वर्णन ‘दुखते’ असे क्वचितच करतो. तो म्हणतो, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे होते, भरून येते, कोंडल्यासारखे वाटते. कळ डाव्या हातात उतरते, जबड्यात जाते, कधी पाठीत, कधी फक्त पोटाच्या वरच्या टोकाशी राहते. इथेच घात होतो. पोटाच्या टोकाशी जळजळले की घराघरांत एकच निदान होते, ‘गॅस’. ओवा चावला जातो, सोडा प्यायला जातो, छातीला तेल चोळले जाते. ढेकर आली की बरेही वाटते, आणि तास निघून जातो. मधुमेह्यांना आणि बऱ्याच बायकांना तर छातीत काही होतच नाही. दम लागतो, दरदरून घाम फुटतो, अंगातले त्राण जाते. बाईच्या थकव्याला घरात किती किंमत असते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

झटका आणि श्रमाची कळ यांत ढोबळ फरक वेळेचा आहे. विसावा घेऊन काही मिनिटांत न ओसरणारी, घामासकट आलेली कळ झटक्याची समजावी आणि तडक निघावे. रुग्णाला चालत नेऊ नये, त्याने स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. पूर्वी ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि फोनवर डॉक्टरने सांगितले, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. ही गोळी अत्यंत स्वस्त आहे आणि तिची ताकद मोजलेली आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज जोडीला दिल्यावर ही घट ४२ टक्क्यांवर गेली.

पुढचा निर्णय ईसीजीवर ठरतो. जुनी माणसे त्याला अजून कार्डिओग्राम म्हणतात. गुलाबी चौकटींच्या कागदावर टोकदार ठोक्यानंतर रेघ पुन्हा तळाला यायला हवी. धमनी पूर्ण बंद असेल तर ती तळाला येत नाही, वरच्या वर फुगून राहते, दगडावर उचललेल्या दोरीसारखी. हा फुगवटा शेजारशेजारच्या नोंदींत दिसला, तर ट्रोपोनिनच्या, म्हणजे दुखावलेल्या हृदयस्नायूतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीची वाट पाहत बसायचे नसते. धमनी ताबडतोब उघडायची असते, फुग्याने किंवा इंजेक्शनने. रेघ वर उचललेली नसेल, पण ट्रोपोनिन वाढलेले असेल, तर तोही झटकाच असतो. मात्र त्याला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे नसते. हा फरक ओळखणारे डोळे आणीबाणीच्या टेबलाजवळ हवेत, किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला.

फुगा, म्हणजे अँजिओप्लास्टी, हा वेळेत मिळाला तर सरस उपचार आहे. वेळेत याचा अर्थ ईसीजीवर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे. सुरगाणा, धडगाव, जत इथल्या रुग्णाला कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, असलेल्या शहरात नेऊन, कागदपत्रे करून, टेबलावर घेऊन धमनी उघडेपर्यंत दोन तास केव्हाच उलटतात. अशा ठिकाणांसाठी नियम जगभर एकच आहे: आधी जागेवर इंजेक्शन, मग प्रवास. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच वेळी शिरेत देता येते, स्ट्रेप्टोकायनेजची सलाइन साधारण तासभर चालते. त्यानंतर ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायला भरपूर वाव राहतो. जुन्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात, कळ सुरू झाल्यापासून पहिल्या तासात हे औषध मिळाले तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव वाचले, दुसऱ्या तासात मिळाले तर ३७. प्रवासात गेलेला एक तास असा मोजता येतो.

आणि हा तास आपल्याकडे सगळ्यात स्वस्तात जातो. देशातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतून २०,४६८ रुग्णांची नोंद करणारा ‘क्रिएट’ हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात रेघ वर उचललेल्या झटक्याच्या रुग्णाला रुग्णालयात पोहोचायला मध्यकानुसार ३६० मिनिटे लागली होती, म्हणजे सहा तास. रुग्णालयात शिरल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंत आणखी ५० मिनिटे. गरीब रुग्णांत ३० दिवसांतले मृत्यू ८.२ टक्के होते, श्रीमंतांत ५.५ टक्के. आजार दोघांचा एकच होता, मिळालेले उपचार एक नव्हते.

तमिळनाडूने यावर केलेले काम महाराष्ट्राने बारकाईने पाहावे असे आहे. तिथे एका मोठ्या रुग्णालयाभोवती लहान रुग्णालये जोडून चार समूह केले गेले. लहान ठिकाणी ईसीजी निघायचा, तो मोठ्या ठिकाणी वाचला जायचा, इंजेक्शन लहान ठिकाणीच द्यायचे आणि मग रुग्ण हलवायचा. २,४२० रुग्णांवरच्या या प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले होते. नवे औषध नव्हते. २०२३ साली त्या राज्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिनचा पहिला डोस ठेवण्याची योजनाही सुरू केली.

महाराष्ट्राकडे यासाठी लागणारा सांगाडा उभा आहे. १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तालुक्यातालुक्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये आहेत. खात्याकडून हवे आहे ते असे की त्या प्रत्येक रुग्णालयात रात्री दोन वाजताही ईसीजी निघावा, तो दहा मिनिटांत हृदयरोगतज्ज्ञाच्या फोनवर पोहोचावा, आणि गुठळी विरघळवणारे औषध कुलपात न राहता आणीबाणीच्या ट्रेमध्ये असावे. औषधाने शंभरात सुमारे एका रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होतो. हाताशी कुणी वरिष्ठ नसलेला तरुण वैद्यकीय अधिकारी त्या एकाच्या भीतीने उरलेल्यांना पुढे पाठवून देतो. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या पाठीशी लेखी नियमावली, फोनवरचा तज्ज्ञ आणि खात्याचा शब्द असेल, तर तो इंजेक्शन देईल. पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झालेली नाही ना, रक्तदाब आवाक्यात आहे ना, हे प्रश्न एका पानावर मावतात.

आता फुग्याविषयी. अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. पुढे धमनी पुन्हा मिटू नये म्हणून जाळीची नळी, स्टेंट, आली. लोक तिला ‘स्प्रिंग’ म्हणतात. झटक्यात ती जीव वाचवते, यात शंका नाही. पण झटका नसताना, औषधांनी आटोक्यात असलेल्या श्रमाच्या कळेसाठी घातलेला स्टेंट आयुष्य वाढवतो, ही समजूत चाचण्यांत टिकलेली नाही. २००७ चा ‘करेज’ आणि २०२० चा ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’ या दोन्ही अभ्यासांत, चांगली औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. कळ मात्र अधिक ओसरली, आणि ज्याला दहा पावले चालवत नाही त्याच्यासाठी हे मोठे आहे. डाव्या धमनीच्या मुळाशी अडथळा असेल किंवा हृदयाची ताकद घटली असेल, तर हिशेब बदलतो. मधुमेह असून उजवी धमनी आणि डावीच्या दोन्ही शाखा, अशा तिन्ही वाटा रोगट असतील तर बायपास सरस ठरते. पण ‘नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आज रात्रीच टाकून घ्या’ हे वाक्य स्थिर रुग्णाच्या नातेवाइकांना घाबरवण्यासाठी वापरले जाऊ नये. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला त्यांच्याकडे वेळ असतो.

पैशाची बाजू राज्याने आणि केंद्राने बरीच सावरली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लेपलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना अँजिओप्लास्टी आणि बायपासचा खर्च उचलते. हे मोठे काम आहे. मात्र योजनेचा जीव रुग्णालयातल्या खाटेशी बांधलेला आहे, आणि हा आजार खाटेवरून उतरल्यावर संपत नाही. स्टेंट एका जागेची डागडुजी करतो. उरलेल्या धमन्यांतले प्लाक तसेच असतात.

त्यांना रोखतात त्या गोळ्या. स्टॅटिनचा पाया जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून घातला. १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत स्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो पातळ पापुद्रा जाड करते. सोबत ॲस्पिरिन, रक्तदाबाची गोळी, गरजेनुसार बीटा ब्लॉकर, मधुमेहाचे औषध, आणि स्टेंटनंतर ठरलेल्या मुदतीपर्यंत दुसरी रक्त पातळ करणारी गोळी. ही दुसरी गोळी पहिल्या काही महिन्यांत मनाने बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढायचा म्हणून, उपास म्हणून, बरे वाटते म्हणून ती बंद होते. बहुतेकदा ती बंद होते कारण महिन्याची पुडी संपली आणि शहरात जायला मजुरी बुडवावी लागते. ‘प्युअर’ या अभ्यासाने २०११ साली दाखवले की भारतासह अल्प उत्पन्नाच्या देशांत आधी झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर पाच जणांपैकी चौघे यांतली एकही गोळी घेत नव्हते.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच करून पाहिलेला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरावीक औषधांचा एकच क्रम, निदान महिनाभराच्या गोळ्या एकदम, उपकेंद्रातूनच पुढची पुडी आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. हृदयरुग्णाच्या चार-पाच गोळ्या याच वाटेने घरापर्यंत जाऊ शकतात. आशा कार्यकर्तीकडे गरोदर बायकांची आणि क्षयरुग्णांची यादी असते, तशी गावातल्या स्प्रिंग बसवलेल्यांची यादी असायला हरकत नाही.

पथ्याचा भाग थोडक्यात. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण यांच्यासकट एक चमचा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या वनस्पती तुपातले तळण टाळावे. रोज अर्धा तास दमाने चालावे, झटक्यानंतरही, डॉक्टरने ठरवून दिलेल्या गतीने. तंबाखू पूर्ण सोडावी, कमी करून भागत नाही.

राहिली नोंद. ग्रामीण रुग्णालयाच्या आणीबाणीच्या वहीत छातीच्या प्रत्येक रुग्णापुढे तीन वेळा लिहिल्या जाव्यात: कळ केव्हा सुरू झाली, ईसीजी केव्हा निघाला, इंजेक्शन केव्हा दिले किंवा का दिले नाही. उपकेंद्राच्या वहीत एक रकाना: या महिन्याच्या गोळ्या नेल्या की नाही. हे आकडे खात्याने दर तिमाहीला तालुकावार जाहीर करावेत, प्रसूती आणि लसीकरणाचे करतात तसेच.

कळावे.